अर्धी झडप

जबलपुरात घरातली एखादी वस्तू बिघडली, की आधी दार लावून घ्यावं आणि मग काय बिघडलंय ते बघावं. चोरांचं भय नाही. भय आहे ते सल्ल्याचं. १९०४ साली इथे तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. तिला सगळं गाव जीसीएफ म्हणतं. १९६९ साली व्हेइकल फॅक्टरी आली आणि शक्तिमान ट्रक, जोंगा जिपा इथून लष्कराकडे रवाना होऊ लागल्या. खमरियाला दारूगोळा होतो, ग्रे आयर्न फाउंड्रीत लोखंड ओततात. एवढे कारखाने एका गावात म्हटल्यावर त्यांतून निवृत्त होणारी माणसंही त्याच मानाने निघायची. ज्यानं उभी हयात लेथवर काढली, तो माणूस साठाव्या वर्षी घरी बसतो म्हणजे नुसता बसत नाही, कान लावून बसतो. शेजारच्या मिक्सरचा सूर जरा बदलला की हा बनियनवर शर्ट चढवून कुंपणाशी हजर.

त्यामुळे आम्ही मिक्सर, पंखे, शिलाई मशीन, सगळं गुपचूप दुरुस्त करून आणतो. पण ह्या वेळी आवाज आला नाही, धूर आला. आणि धुराला दार लावून घरात ठेवणार कसं?

धूर होता बंबाचा. महाराष्ट्रातल्या वाचकाला बंब आठवतो तो अंगणातला किंवा मागच्या पडवीतला. तांब्याचा, तीन पायांवर उभा, पोटातून आरपार गेलेली नळी, नळीत जळती लाकडं, नळीभोवती पाणी, खाली जाळी आणि राखेचं दार, वरचा धूर मोकळ्या आकाशात. आमचा बंबही मुळात तसाच. पुण्याच्या तांबट आळीत ठोकलेला, अंगावर मठाराच्या गोल खुणा अजून स्पष्ट दिसतात. आजीच्या संसाराबरोबर तो रेल्वेनं इकडे आला. पण जबलपूरची थंडी पुण्यासारखी गुलाबी-बिलाबी नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा सहा-सातावर उतरतो, नर्मदेकडचं धुकं येऊन अंगणात बसतं, आणि अंगणात तापवलेली बादली न्हाणीघरापर्यंत नेईस्तोवर तिचा जोर गेलेला असतो. म्हणून आजोबांनी बंबच उचलून न्हाणीघरात घेतला आणि धुरासाठी सहा इंची लोखंडी नळकांडं भिंतीतून काढून कौलांच्या वर नेलं.

आजोबा जबलपूर-गोंदिया छोट्या लाइनीवर फायरमन होते. अडीच फुटी रुळांची ती गाडी जबलपूरच्या बाजूनं २०१५ मध्ये बंद झाली. त्याच्या कितीतरी आधी तिची वाफ गेली होती, आणि आजोबा त्याच्याही आधी. पण ज्यानं जन्मभर इंजिनाच्या तोंडात कोळसा घातला त्याला एक गोष्ट पक्की कळते: आग लाकडावर चालत नाही, हवेवर चालते. लाकूड आपलं नावाला. म्हणून नळकांड्यात, साधारण छातीच्या उंचीवर, त्यांनी बिडाची एक गोल तबकडी आडव्या दांडीवर बसवली. दांडीचं टोक बाहेर, टोकाला मूठ. मूठ नळकांड्याच्या रेषेत उभी केली की आतली तबकडीही उभी, म्हणजे झडप उघडी. मूठ आडवी केली की झडप मिटलेली. पेटवताना उघडी ठेवायची, लाकडांनी जीव धरला की निम्मी मिटायची. मग ऊब तडक आभाळात पळून न जाता बंबाच्या पोटात रेंगाळते. आजोबांच्या काळात चार ढलप्यांत सहा माणसांच्या आंघोळी व्हायच्या, असं आई सांगते. माझ्या लहानपणीही ती माणसं सहाच सांगायची. पण ढलप्या तेव्हा पाच होत्या. असो.

गीझर का नाही, हा प्रश्न सुज्ञ वाचकाच्या ओठांवर आला असेल. गीझर आहे. वरच्या मजल्यावर आहे, पाच तारे लावलेला आहे. पण गीझरच्या पाण्यानं अंग ओलं होतं, आंघोळ होत नाही, असं आईचं मत आहे, आणि आमच्या घरात आईच्या मताला तारे मोजायची पद्धत नाही.

तर झालं असं, की मावठ्याच्या, म्हणजे इथल्या थंडीतल्या, पावसानंतर बंबाला दोन परस्परविरुद्ध रोग एकदम जडले. मूठ आडवी करा नाहीतर उभी, आग आपली धडधडून पेटलेलीच. लाकडं वाळल्या पाल्यासारखी भराभर संपत, पाणी उकळून वरचं झाकण थडथडायला लागे, आणि आंघोळीला जाणाऱ्यानं दोन बादल्या थंड पाणी मिसळलं तरी तो लालबुंद होऊन बाहेर येई. हा एक रोग. दुसरा असा, की कधी कधी, विशेषतः पेटवल्या पेटवल्या, धूर वर जायचं सोडून राखेच्या दारातून न्हाणीघरात यायचा. एकाच नळकांड्यातून हवा जास्तही जाते आणि जातही नाही. असा आजार कुणाला सांगावा?

सांगावा लागला नाही. जीसीएफवाले काका आले.

काका आमच्या कुंपणापलीकडे राहतात. तेही मराठीच, पण तीन पिढ्या इकडे काढल्यावर मराठीला जो जबलपुरी पीळ बसतो तो त्यांच्या बोलण्यात पुरेपूर आहे. "तुमच्याकडून धूर येऊन राहिला आहे," ते म्हणाले, "ड्राफ्ट नाही लागून राहिला." खिशात व्हर्नियर होता. धूर मोजायला व्हर्नियर कशाला, हे मी विचारलं नाही. पेनापेक्षा तो त्यांच्या खिशात जास्त शोभतो. त्यांनी नळकांड्याचा बाहेरचा व्यास मोजला, मग तोच व्यास दुसऱ्या बाजूनं मोजला, मग "हूं" म्हणाले. ह्या 'हूं'चा अर्थ असा की नळकांडं गोल नाही. ते गोल नसल्याचं दुःख त्यांना आमच्या धुरापेक्षा मोठं होतं.

तोफा बनवणाऱ्या माणसानं चिमणीत तोंड घालावं, ह्यात आश्चर्य मानण्याचं मात्र कारण नाही. तोफ आणि चिमणी ह्यांचं नातं काकांच्या आधीपासूनचं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. १७९६ मध्ये त्यांनी विलायतेतल्या धुरकट शेकोट्यांवर एक निबंध लिहिला: चिमणीचा गळा फार रुंद आहे, तो आवळा, म्हणजे धूर वर जाईल आणि ऊब खोलीत राहील. लंडनच्या बड्या घरांतून मग चिमण्या आवळून घ्यायची साथच आली. हेच गृहस्थ म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांना भोक पाडण्याच्या कामावर देखरेख करत होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की बोथट हत्यारानं घासत राहिलं तर तोफेचा धातू तापतच राहतो, उष्णता संपतच नाही. त्यांनी तोफेभोवती पाणी भरलं, घोडे लावून हत्यार फिरवत ठेवलं, आणि अडीच तासांत पाणी खळखळा उकळलं. आग नाही, लाकूड नाही, धूर नाही. १७९८ मध्ये हे त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडलं आणि उष्णता म्हणजे काय ह्याबद्दलच्या जुन्या समजुतीला सुरुंग लावला. बंबाला खरा बिनधुराचा पर्याय हवा असेल तर तो एवढाच आहे: न्हाणीघरात एक तोफ आणि अंगणात घोडे. तोफेची सोय काका करू शकले असते. घोड्यांवरून आईनं आडकाठी घातली असती.

काकांचं निदान होऊन चहा उतू जायच्या आत फॉरेस्टवाले भाऊजी आले. पोलीपाथरला राज्य वन संशोधन संस्था आहे, तिथून ते निवृत्त झाले. त्यांनी बंबाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ मागे लाकडांच्या ढिगाकडे गेले आणि दोन ढलप्या उचलून एकमेकींवर आपटल्या. 'ठप्' असा आवाज आला. "ऐकलंत?" ते म्हणाले. मी ऐकलं होतं. वाळलेलं लाकूड ठणठणतं, ओलं ठप् म्हणतं. वाळलेल्याच्या कापलेल्या टोकाला भेगा पडतात, ओल्याचं टोक गुळगुळीत असतं. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास नुसतं पाणी असू शकतं. जाळायला घेताना ते वीस टक्क्यांच्या खाली यायला हवं. नाहीतर आगीची पहिली शक्ती लाकडातलं पाणी उकळण्यात जाते, धूर गार राहतो, आणि गार धूर नळकांड्याच्या आतल्या बाजूला डांबरासारखा चिकटतो. "तुम्ही पाणी तापवत नाही," भाऊजी म्हणाले, "तुम्ही लाकूड उकडता." बाभूळ घ्या, उन्हाळ्यात घ्या, फोडून रचा, वरून झाका, बाजूंनी मोकळं ठेवा. हे सगळं खरं होतं. फक्त जानेवारी महिना होता.

मग रेल्वेवाले मामा. मामांनी सगळी नोकरी डिझेल शेडात काढली, कोळशाचं इंजिन त्यांनी लांबून पाहिलेलं. पण वाफेच्या इंजिनाबद्दल जो अधिकार त्यांच्या आवाजात येतो तो आजोबांच्या आवाजात कधी नव्हता. त्यांचं म्हणणं, झडपेची जागाच मुळात चूक. इंजिनात झडप राखेच्या पेटीला असते. हवा आत येतानाच अडवायची, बाहेर जाताना नव्हे. "बाहेरचा सिग्नल सोडून तुम्ही आतला लाल करताय!" ह्यावर काका म्हणाले, इंजिनाला धूर ओढायला वाफेचा फवारा असतो, बंबाला काय आहे? मामा म्हणाले, तेच तर सांगतोय. दोघंही एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगत होते, आणि म्हणूनच ते भांडण तासभर पुरलं.

मिनेसोटातला पुतण्या व्हिडिओवर आला. त्याच्याकडे बर्फ पडलेलं होतं आणि मागे काचेच्या दाराची लाकडाची शेगडी शांतपणे जळत होती. तिच्यातून धूर येत नव्हता, हे बघून आम्हाला जरा परकं वाटलं. त्यानं सांगितलं की चिमणी साफ करणारा माणूस वर्षातून एकदा बोलवायचा, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा लावायचा. चिमणी साफ करणाऱ्याची दक्षिणा त्यानं डॉलरात सांगितली. तिचे रुपये करून काका थोडा वेळ गप्प बसले. धूर सुरू झाल्यापासून ते गप्प बसले ते तेव्हाच.

ह्या चर्चा चालू असताना बंब पेटतच होता, कारण आंघोळी थांबल्या नव्हत्या. धूर झाला की बायको न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा लावी, धूर बाहेर जावा म्हणून. आणि धूर आणखी वाढे. आई हे दोन-तीन वेळा बघत राहिली. मग म्हणाली, "तो पंखा बंद करा बरं." पंखा बंद केला. जरा वेळानं धूर मुकाट्यानं नळकांड्यातून वर गेला. पंखा न्हाणीघरातली हवा बाहेर ढकलतो, तिची जागा भरायला कुठून तरी हवा आत यायला हवी, आणि दार-खिडकी लावलेली असली की ती सगळ्यात सोप्या वाटेनं येते: नळकांड्यातून उलटी, धुराला बखोटीला धरून. म्हणजे निम्मा रोग औषधाचाच होता. तांत्रिक समितीच्या बैठकीत ह्याची नोंद झाली नाही, कारण आईनं हे सांगितलं तेव्हा मामा फवाऱ्याचं चित्र काढत होते.

उरला निम्मा रोग. त्यासाठी नळकांडं उतरवावं लागणार, हे उघड होतं. म्हणून कुणी बोलत नव्हतं. शेवटी एका रविवारी उतरवलं. ज्यानं बंबाचं नळकांडं उतरवलेलं नाही त्याला काजळी म्हणजे काय हे डोळ्यांत घालायच्या काजळावरून कळणार नाही. सांधा जरा हलवला की आधी थोडीशी भुरभुर पडते, अगदी सौम्य, शिंप्याच्या खडूसारखी. आपण म्हणतो, एवढंच? मग नळकांडं आडवं होतं आणि आतून एक मऊ, काळा, वजन नसलेला लोट बाहेर येतो. खाली पडत नाही, तरंगतो. न्हाणीघराच्या पांढऱ्या टाइलांवर, साबणावर, दात घासायच्या ब्रशांवर, काकांच्या व्हर्नियरवर तो जिथे वाटेल तिथे बसतो. पुसायला गेलं की पसरतो. वरच्या टोकाशी काजळी कोरडी होती, झडपेपाशी मात्र चकचकीत, कडक, भिंगासारखी काळी खपली धरलेली. भाऊजींनी तिचा तुकडा नखानं काढून सगळ्यांना दाखवला. ओल्या लाकडाचा पुरावा. आयुष्यात आपलं म्हणणं इतकं ठोस स्वरूपात हातात मिळणं फार थोड्यांच्या नशिबी असतं.

आणि आत झडप होती. म्हणजे निम्मी होती. बिडाची तबकडी दांडीच्या रेषेत मधोमध तडकली होती. एक अर्धा दांडीला धरून अष्टमीच्या चंद्रासारखा लटकत होता, दुसरा खाली घसरून कोपराच्या वळणात काजळीसकट अडकून बसला होता. दोन्ही रोगांचा खुलासा झाला. वरचा अर्धा काही मिटवत नव्हता, म्हणून आग भडकत होती. खालचा अर्धा वाट अडवत होता, म्हणून नळकांडं गार असताना धूर परतत होता. एकदा ते तापलं की ओढ वाढून धूर उरलेल्या फटीतून निघून जायचा. गरम हवा हलकी, आणि चिमणी जितकी उंच आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा जितकी गरम तितकी ओढ जास्त, एवढंच ह्या शास्त्राचं मर्म. सगळे तज्ज्ञ थोडे थोडे बरोबर होते. ही फार गैरसोयीची स्थिती असते. एक जण साफ चुकला असता तर त्याला चिडवून मोकळं होता आलं असतं.

झडप तुटली कशानं, ह्यावर दोन पक्ष पडले. पहिला माकडाचा. चिमणीच्या माथ्यावर पावसासाठी पत्र्याची टोपी असते, ती जागेवर नव्हती. माकडांनी उपटली असणार. मावठ्याचा गार पाऊस थेट आत तापलेल्या बिडावर पडला, आणि तापलेल्या बिडाला गार पाणी सोसत नाही, ते तडकतं. दुसरा पक्ष पंच्याचा. झडपेची मूठ छातीच्या उंचीवर, ऊबदार, आणि बाहेर आलेली. तिच्यावर ओला पंचा वाळत टाकावा असं आमच्या घरात प्रत्येकाला कधी ना कधी वाटलेलं आहे. वर्षानुवर्षं ओल्या पंच्यांच्या वजनानं दांडी हिसकली, आणि आधीच जुन्या बिडाला चीर गेली. पुरावा दोन्हीकडे सारखा होता. बहुमत माकडाच्या बाजूनं पडलं, कारण माकड खुलासा द्यायला येत नाही.

ग्रे आयर्न फाउंड्रीच्या गावात बिडाचं एवढंसं भाकरीएवढं तबक मिळू नये, हे कुणाला खरं वाटणार नाही, पण फाउंड्री लष्कराच्या गाड्यांसाठी ओतते, न्हाणीघरांसाठी नाही. घमापुराकडचा एक वेल्डर गाठला. त्यानं दोन्ही तुकडे जुळवून पाहिले, जमिनीवर टाकून आवाज ऐकला आणि मान हलवली. "कास्टिंग है भैया. जोड़ दैहैं, पर बगल से फिर चटक जैहे." हे त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. बीड जोडता येतं, पण आधी ते नीट तापवावं लागतं, कांड्या निकेलच्या महागड्या लागतात, मग राखेत सावकाश निववावं लागतं. एवढं करून रोज आगीत जाणाऱ्या तबकडीचा भरवसा नाहीच. त्यापेक्षा पोलादी पत्र्याची नवी करू. आणि त्यानं कोपऱ्यातून जुन्या कूलरचा पत्रा उचलला.

इथे काकांनी जे केलं त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. "जीआय नको!" ते ओरडले. कूलरच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो वेल्डिंगच्या ज्योतीत जळला की पांढरा धूर होतो, आणि तो छातीत गेला तर वेल्डरला रात्री हुडहुडी भरून ताप येतो. वेल्डरनं पत्रा मुकाट्यानं खाली ठेवला आणि तीन मिलिमीटरचा काळा साधा पत्रा काढला. काकांनी त्याला ड्रॉइंग दिलं. साध्या वहीच्या पानावर, पण कोपऱ्यात चौकट, चौकटीत तारीख, 'पुनरावृत्ती शून्य', खाली सही. शक्तिमान ट्रकच्या मागच्या आसालाही एवढा मान मिळाला नसेल. वेल्डर म्हणाला, "हओ, हो जैहे." जबलपुरात ह्या उत्तराचा अर्थ 'होईल' असा आहे. काय होईल ते त्यात येत नाही.

तबकडी अप्रतिम झाली. नळकांड्यात घातली तर कडेनं उजेडाची रेषसुद्धा दिसेना. काकांनी फिरवून फिरवून दाखवली. नळकांडं गोल नसतानाही त्यांनी ते साधलं होतं. बंब पेटवला, लाकडांनी जीव धरला, मूठ मिटती केली. जरा वेळानं ती उघडायला गेलो तर हलेना. सहा इंची पोलादी तबकडी तीनशे अंशांनी तापली तर व्यासात सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते. बाहेरचं नळकांडं हवेशीर असतं, तितकं तापत नाही, म्हणून तितकं वाढत नाही. काकांनी तेवढी फटच ठेवली नव्हती. झडप मिटली ती मिटलीच, आणि सगळा धूर सहकुटुंब न्हाणीघरात आला. आत त्या वेळी मामा होते.

मामा बाहेर आले तेव्हा अंगाला साबण होता आणि तोंडात रेल्वे बोर्डाचं नाव होतं. हसून झाल्यावर मात्र पुतण्याचा भोंगा आठवला, आणि तेवढ्यापुरतं कुणी थट्टा केली नाही. दर थंडीत उत्तरेकडे बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या येतात. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोळे चोळायला लावणारा धूर निदान बाहेर तरी पळवतो. निखाऱ्यांतून येणारा हा वायू गुंगी आणतो. म्हणूनच असल्या नळकांड्यातली झडप सहसा पूर्ण मिटणारी करत नाहीत. ती व्यासात थोडी लहान ठेवतात, किंवा तिला मधोमध भोक पाडतात, म्हणजे मूठ कशीही असली तरी विषारी वायूला वाट राहते. आजोबांच्या तुटक्या तबकडीचे दोन अर्धे परत जुळवून पाहिले. मधोमध, तडा गेला होता तिथेच, दोन्हीकडे अर्ध्या रुपयाएवढी खोबण होती. ते भोक होतं. ज्या जागी तबकडी फुटली ती जागा कमजोर असण्याचं कारणही तेच होतं.

तबकडी परत घमापूरला गेली. भोक पडलं, कड घासली गेली. ड्रॉइंगवर 'पुनरावृत्ती एक' झाली. भोंगा पुतण्याकडून आला आणि न्हाणीघराबाहेर भिंतीवर लागला. माथ्यावर नवी टोपी बसली, तारेनं आवळून. भाऊजींनी बाभळीची वाळकी लाकडं आपल्या घरून धाडली आणि ठणठण आवाज करून मोजून दिली. नळकांडं चढलं, सांधे मातीनं लिंपले, न्हाणीघराला चुना झाला. बंब पेटला. धूर वर, ऊब पोटात, लाकूड बेताचं. निम्मी मिटल्यावर आग कशी खाली बसते ते बघायला सगळे न्हाणीघराच्या दारात दाटीवाटीनं उभे राहिले. आई म्हणाली, आजोबांच्या वेळी चार ढलप्यांत सहा माणसं व्हायची. काका म्हणाले, आता पाच होतील, लाकडाची क्वालिटी बघा ना.

मग बायकोच्या लक्षात आलं, की मूठ आडवी असताना झडप उघडी आहे.

वेल्डरनं भोक पाडायला दांडी काढली होती. परत जोडताना मूठ तबकडीला काटकोनात बसली. म्हणजे मूठ नळकांड्याच्या रेषेत उभी केली की आतली तबकडी आडवी. उघडी म्हणजे मिटली, मिटली म्हणजे उघडी. काकांनी खिशातून ड्रॉइंग काढलं. त्यावर तबकडी होती, भोक होतं, फट होती, मापं तीन ठिकाणी होती. मुठीची दिशा नव्हती. "हे शॉप फ्लोअरला कळायला पाहिजे," काका म्हणाले. वेल्डर फोनवर म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे, नळकांडं उतरवून घेऊन या.

नळकांडं उतरवायचं म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम त्या नव्या चुन्याच्या भिंतीकडे पाहिलं.

म्हणून आता भिंतीवर पाटी आहे. 'मूठ आडवी = उघडी.' ती मराठीत लिहावी की हिंदीत ह्यावर थोडा वाद झाला, आणि मग दोन्हींत लिहिली. त्यामुळे धूर येतो तेव्हा माणसाला निदान दोन भाषांत वाचायला मिळतं. पुण्याचे पाहुणे ती वाचून 'म्हणजे उभी केली की बंद?' असं आतून ओरडून विचारतात. आम्ही बाहेरून 'हो' म्हणतो, आणि त्यांना ते 'नाही' ऐकू येतं. आई पाटी बघत नाही. ती राखेच्या दाराच्या फटीतून ज्वाळेचा रंग बघते आणि हाताला येईल तिकडे मूठ फिरवते. तिचा पंचाही परत तिथेच वाळतो, कारण मूठ आता बहुतेक वेळ आडवी असते आणि आडव्या मुठीवर तो घसरत नाही.

मूठ सरळ करून घेण्याचं उन्हाळ्यात बघू, असं ठरलं आहे. उन्हाळ्यात बंब पेटत नाही, तेव्हा त्या वेळी हे कुणाच्या ध्यानात राहील असं वाटत नाही. पण काकांनी ड्रॉइंगची 'पुनरावृत्ती दोन' तयार करून ठेवली आहे. त्यात मुठीला बाण काढलेला आहे.